पोचा

माझ्या लहानपणी रेवदंड्याच्या आमच्या घरी पाण्याचा एक तांब्याचा हंडा होता. आजी विहिरीवरून पाणी आणी, तेव्हा तो कधी विहिरीच्या काठाला तर कधी उंबऱ्याला आपटे आणि त्याला पोचा येई. मग केव्हातरी तांबट दारावरून जाऊ लागला की आजी त्याला हाक मारी. तो ओसरीवर बसून आतल्या बाजूने ठोकून ठोकून पोचा काढून देई. आम्ही मुले विचारीत असू, "आजी, हंडा बिघडला का गं?" आजी म्हणे, "भांड्याला पोचा यायचाच. गळत नाही ना? मग झालं."

आजीचे हे वाक्य मी पुढे आयुष्यभर वापरले. ट्रंकेला, सायकलीला, स्टोव्हला, आणि खोटे कशाला बोलू, माझ्या स्वतःच्या चुकांनाही वापरले. गळत नाही ना, मग झाले! पण बर दुबईच्या एका खोलीत हेच वाक्य आम्हा चार माणसांच्या जिवावर बेतले. ती हकीकत सांगावी की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला. तीत माझी शोभा नाही. पण वाचकांपैकी कोणाच्या तरी घरात, दाराजवळच्या कोपऱ्यात, आज अशीच एखादी वस्तू भिंतीला टेकून उभी असेल, म्हणून लिहितो.

मी १९९८ साली दुबईला आलो. मीना बाजारातील एका कापडाच्या दुकानात हिशेब लिहितो. पत्नी व मुलगी ठाण्यास असतात. इथे मी व आणखी तिघे मिळून तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत राहत असू. एक मालवणचे आचारी, एक बेळगावचे शिंपी आणि एक पेणचा तेवीस वर्षांचा मुलगा. वयाने मीच वडील, म्हणून सगळे मला काका म्हणत. भाडे गोळा करणे, पाण्याच्या बाटल्या मागवणे, कोणाची पाळी केव्हा ते ठरवणे ही कामे माझ्याकडे. "चप्पल जागेवर ठेव", "भांडे घासून ठेव", असे पोराला दिवसातून दहा वेळा सांगण्याचा मानही माझाच.

पेणचा मुलगा हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला होता. त्याची पाळी मध्यरात्रीपर्यंत चाले. दुबईत २०२२ साली ठराविक भागांत विजेच्या स्कूटरना व सायकलींना रीतसर मोकळीक मिळाली, त्यांत आमच्या जवळचे मनखूल आणि करामा हे भागही होते. तेव्हापासून आमच्या गल्लीत या गाड्या वाढल्या. या मुलानेही मामाकडून उसने पैसे घेऊन विजेची एक सायकल घेतली. सायकल खाली जिन्याखाली राही. तिची बॅटरी मात्र काढून घेता येत असे. ती तो रोज वर आणी आणि रात्री दाराजवळच्या प्लगला लावून झोपे. अॅल्युमिनियमची लांबट पेटी, वजनाला सुमारे तीन किलो. तेवढ्यावर तो दोन दिवस कामावर जाऊन येई.

ही गोष्ट २०२३ सालच्या जुलै महिन्यातली. रविवार होता. बाकीचे तिघे बाहेर गेले होते आणि मी खोली झाडायला काढली. मुलाने बॅटरी कपाटावर ठेवली होती. कपाटामागचा केर काढावा म्हणून मी ते थोडे ओढले आणि बॅटरी वरून खाली फरशीवर आली. कोपऱ्यावर पडली. आवाज फार मोठा झाला नाही. मी उचलून पाहिली. एका कोपऱ्याला पोचा आला होता, अंगठा बसेल एवढा. बटण दाबले, दिवे लागले. हलवून पाहिली, आत काही खुळखुळले नाही. मनात म्हटले, गळत नाही ना, मग झाले.

मी ती परत कपाटावर ठेवली. पण ठेवताना पोचा भिंतीकडे केला.

वाचकहो, बॅटरी हातून पडणे हा अपघात होता. पोचा भिंतीकडे करणे हा मात्र अपघात नव्हता. त्या बॅटरीची किंमत मला ठाऊक होती, सातशे दिरहम. त्याच महिन्यात मुलीची कॉलेजची फी पाठवायची होती. आणि पैशांपेक्षाही मोठी अडचण म्हणजे, रोज ज्या पोराला वस्तू जपून वापर म्हणून बजावायचे, त्याच्यासमोर "माझ्या हातून पडली" हे कोणत्या तोंडाने म्हणावे? रात्री मुलगा आला, बॅटरी प्लगला लावली, सकाळी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशीही तसेच. चार दिवस गेले आणि मी ती गोष्ट विसरलो. विसरलो म्हणण्यापेक्षा विसरल्यासारखे केले म्हणणे खरे.

नवव्या रात्री दोनच्या सुमारास मी पाणी प्यायला उठलो. खोलीत एक वास येत होता. गोडसर, नखांना लावायच्या रंगासारखा. आधी वाटले, शेजारी कोणी रंगकाम केले असेल. पण रात्री दोनला रंगकाम कोण करणार? वास दाराच्या बाजूने येत होता. बॅटरी प्लगवरच होती. चार्जरचा दिवा हिरवा, म्हणजे भरून झालेली. मी पेटीला हात लावला आणि चटकन मागे घेतला. चहाच्या भांड्याला लागावा तसा चटका बसला. मी भिंतीवरचा खटका बंद केला, पण काही उपयोग दिसेना. आतून बारीक फुसफुस ऐकू येत होती.

मी मुलाला हलवले. म्हटले, "ऊठ, बॅटरी तापली आहे."

तो अर्धवट झोपेत म्हणाला, "काका, चार्ज झाल्यावर गरम असतेच ती. झोपा तुम्ही."

त्या क्षणी मला कळले की मी खरे सांगितल्याशिवाय हा मुलगा उठणार नाही. त्याचेही बरोबर होते. त्याच्या समजुतीप्रमाणे ती धडधाकट बॅटरी होती. ती धडधाकट नाही हे त्या खोलीत एकट्या मला ठाऊक होते. मी म्हणालो, "अरे, ती पडली होती. गेल्या रविवारच्या आधीच्या रविवारी. माझ्या हातून, कपाटावरून. कोपऱ्याला पोचा आहे. मी तुला सांगितलं नाही."

तो ताडकन उठून बसला. मालवणचे आचारी आणि शिंपीही जागे झाले. दार त्या बॅटरीशेजारीच होते, तिथूनच जायचे होते. आचाऱ्यांनी ओल्या टॉवेलात गुंडाळून ती न्हाणीघरात टाकू या असे म्हटले, पण मी त्यांना हात लावू दिला नाही. एकेकाला दाराबाहेर काढले, शेवटी मी निघालो आणि दार ओढून घेतले. आम्ही दुसऱ्या मजल्यावर दारे ठोठावीत होतो, तेवढ्यात वर फटाक्यांची माळ लागावी तसे आवाज सुरू झाले. शिंप्यांनी ९९७ हा अग्निशमनाचा नंबर फिरवला. बंब लवकर आला. माणसांपैकी कोणाला काही झाले नाही. दाराजवळची भिंत, चपलांचे कपाट आणि आचाऱ्यांची खाट जळाली. बाकी खोली धुराने आतून तव्यासारखी काळी झाली. बॅटरी जिथे होती तिथे फरशी तडकली होती.

आता असे का झाले, ते सांगतो. जबल अलीला एका कारखान्यात सुरक्षेचे काम पाहणारे एक मराठी इंजिनियर माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्याकडे मी मुद्दाम गेलो. त्यांनी मला समजेल अशा भाषेत सांगितले. ते म्हणाले, "काका, सुरळीची वडी पाहिली आहे ना? बॅटरी आतून तशीच असते."

त्या पेटीत बोटाएवढ्या चाळीस नळ्या होत्या, प्रत्येकी १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. प्रत्येक नळीत एक तांब्याची पातळ पत्री, तिच्यावर ग्रॅफाइटचा लेप. एक अॅल्युमिनियमची पत्री, तिच्यावर लिथियम असलेल्या धातूंच्या संयुगाचा लेप. आणि दोहोंच्या मध्ये प्लास्टिकचा सच्छिद्र पापुद्रा. हे सारे सुरळीच्या वडीसारखे गुंडाळून पेट्रोलसारख्या पेट घेणाऱ्या द्रवात भिजवलेले असते. चार्ज करताना लिथियमचे कण त्या पापुद्र्यातून ग्रॅफाइटकडे जातात, वापरताना परत फिरतात. सगळा खेळ त्या पापुद्र्यावर. तो जाडीला एका मिलिमीटरचा चाळिसावा भाग किंवा त्याहूनही कमी, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ असतो.

नळीवर घाव बसला की हा पापुद्रा कुठेतरी दबतो, ताणला जातो किंवा फाटतो. पूर्ण फाटला तर दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात आणि तिथल्या तिथे आग लागते. पण पुष्कळदा तो पूर्ण फाटत नाही. नुसता दुबळा होतो. मग प्रत्येक चार्जला नळी किंचित फुगते, किंचित आकसते, आणि त्या दुबळ्या जागेवर ताण येत राहतो. एक दिवस तिथे बारीकसा आतल्या आत शॉर्ट होतो. खटका बंद करून उपयोग नव्हता तो यामुळे. वीज भिंतीतून येत नव्हती, ती नळीतच साठलेली होती. उष्णता वाढत शंभर अंशांच्या आसपास गेली की आतली रसायने आपणहून विघटू लागतात आणि आणखी उष्णता सोडतात. सुमारे १३० अंशांना पापुद्रा वितळतो. त्यापुढे धातूचा लेप स्वतःच प्राणवायू सोडू लागतो. म्हणजे आगीला लागणारी हवाही आतूनच मिळते. एक नळी पेटली की शेजारची तापते, मग तिच्या शेजारची. फटाक्यांच्या माळेचा आवाज तो होता. मला आलेला गोड वास त्या द्रवाच्या वाफेचा होता आणि ती वाफ विषारीही असते. "तो वास म्हणजे शेवटची घंटा," इंजिनियर म्हणाले. "तुम्ही वेळेवर उठलात."

मी विचारले, "पण नऊ दिवस काही झाले नाही, हे कसे?"

त्यांनी मला अमेरिकेतले एक उदाहरण सांगितले. २०११ च्या मे महिन्यात तिथल्या सरकारी सुरक्षा खात्याने शेव्हरले व्होल्ट ही विजेवर चालणारी मोटार खांबावर बाजूने आदळून तिची चाचणी घेतली. चाचणी संपली, गाडी आवारात उभी करून ठेवली. तीन आठवड्यांनी ती उभ्या उभ्या पेटली आणि शेजारच्या गाड्याही तिच्याबरोबर जळाल्या. आदळताना बॅटरीला इजा झाली होती आणि थंडाव्याचा द्रव आत झिरपला होता. जे तज्ज्ञ ती गाडी तपासायला बसले होते, त्यांनाही तीन आठवडे पत्ता लागला नाही. मग मी बटण दाबून आणि हलवून काय तपासले होते?

घाव बाहेरूनच बसावा लागतो असेही नाही. २०१६ साली सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ या मोबाईलचे स्फोट होऊ लागले आणि लाखो फोन परत घ्यावे लागले. पुढल्या वर्षीच्या जानेवारीत कंपनीनेच कारण जाहीर केले. पहिल्या खेपेच्या बॅटरीत वरच्या कोपऱ्याशी जागा अपुरी होती, त्यामुळे आतली पत्री वाकत होती. एक वाकलेला कोपरा, बस!

आणि याच वस्तूचा जन्म कसा झाला पाहा. जपानच्या अकिरा योशिनो यांनी १९८० च्या दशकात ही बॅटरी तयार केली, तेव्हा तिची पहिली परीक्षा म्हणजे तिच्यावर लोखंडाचा मोठा तुकडा टाकणे. शुद्ध लिथियम धातूच्या बॅटरीवर तो टाकला तेव्हा भयंकर स्फोट झाला. योशिनोंच्या बॅटरीवर टाकला तेव्हा काहीच झाले नाही. त्या परीक्षेत उतरली म्हणूनच ही बॅटरी १९९१ साली बाजारात येऊ शकली, आणि २०१९ साली योशिनोंना दोन सहकारी शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळाले. आजही जगभर वाहतुकीआधी या नळ्यांची परीक्षा घेतात. नळीवर आडवी सळई ठेवतात आणि ९.१ किलोचे वजन ६१ सेंटिमीटर उंचीवरून तिच्यावर सोडतात. नळीने पेट घेता कामा नये. मी इंजिनियरांना म्हटले, "मग आमची कशी पेटली?" ते म्हणाले, "परीक्षेनंतर ती नळी परत चार्ज करून कोणी झोपण्याच्या खोलीत ठेवत नाही. मार खाल्लेली नळी परीक्षेत पास झाली तरी पुढे वापरायची नसते."

दुबईला तर हा धडा फार पूर्वी मिळाला होता. ३ सप्टेंबर २०१०, शुक्रवार, रमजानचा महिना. यूपीएस कंपनीचे एक मालवाहू जंबो विमान हाँगकाँगहून दुबईला आले आणि इथून जर्मनीतल्या कोलोनकडे निघाले. त्यात हजारो लिथियम बॅटऱ्या होत्या. उड्डाणानंतर बावीस मिनिटांनी आगीचा इशारा वाजला. विमान परत दुबईकडे वळले. वैमानिकांच्या कक्षात इतका धूर झाला की समोरची यंत्रे दिसेनात. मुख्य वैमानिकाचा प्राणवायू बंद पडला, तो जागेवरून उठला तो परत आलाच नाही. एकटा सहवैमानिक दुसऱ्या विमानांमार्फत येणाऱ्या निरोपांवर आंधळेपणाने विमान हाकत राहिला. विमान नाद अल शेबा भागात कोसळले आणि दोघेही गेले. लिथियम बॅटऱ्या असलेल्या मालातच आग लागल्याचे अमिरातीच्या चौकशी अहवालात २०१३ साली नमूद झाले. एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून या बॅटऱ्या सुट्या माल म्हणून नेण्यास जगभर बंदी झाली, आणि मालवाहू विमानांतही त्या तीस टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज नसाव्यात असा नियम आला. त्या अपघाताच्या वेळी मी इथेच होतो. बातमी वाचून हळहळलो होतो. पण ती विमानाची बातमी होती, माझ्या कपाटावरची नव्हती.

आपल्याकडेही २०२२ च्या एप्रिलमध्ये नाशिकजवळ कंटेनरमधून निघालेल्या वीस विजेच्या स्कूटर एकदम पेटल्या. त्या वर्षी देशात अशा अनेक घटना घडल्यावर डिसेंबरपासून बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक झाले. दुबई मेट्रोत १ मार्च २०२४ पासून विजेच्या स्कूटर नेण्यास बंदी आली. पुढे त्याच वर्षी घडी होणाऱ्या, बैठक नसलेल्या स्कूटरना अटींवर मुभा मिळाली, पण गाडीत वा स्थानकात त्या चार्ज करायच्या नाहीत. एमिरेट्सच्या विमानात १ ऑक्टोबर २०२५ पासून पॉवर बँक वापरता येत नाही. एकच न्यायची, तीही हाताशी, डोक्यावरच्या कप्प्यात नाही. लोक कुरकुरतात. मी कुरकुरत नाही.

इंजिनियरांनी सांगितलेल्या चार गोष्टी इथे देतो. बॅटरी पडली, दबली, फुगली किंवा तिच्यातून वास आला, तर ती पुन्हा चार्ज करू नये. ती घराबाहेर, मोकळ्यावर, पेट घेणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवून मग योग्य ठिकाणी सोपवावी. घरच्या केरात टाकू नये, कारण केराच्या गाडीत ती पुन्हा दबते. चार्जिंग कधीही बाहेर जाण्याच्या वाटेवर करू नये आणि झोपेत तर नकोच. आणि धूर निघू लागला की ती उचलायला जाऊ नये. दार ओढून घ्यावे आणि खाली उतरावे.

पाचवी गोष्ट मी माझ्या पदरची घालतो. ज्याच्या हातून पडली त्याने त्याच दिवशी सांगावे.

त्या रात्री रस्त्यावर उभे असताना मुलगा माझ्याशी एक शब्द बोलला नाही. पहाटे अग्निशमनवाले गेल्यावर तो एवढेच म्हणाला, "काका, पाडलीत त्याचं काही नाही हो. माझ्याही हातून पडली असती. पण मी रोज तिच्याशेजारी झोपत होतो."

याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. घरमालकाने आम्हाला खोली सोडायला सांगितली, ते रास्तच होते. मी मुलाला बॅटरीचे पैसे चार हप्त्यांत दिले. तो नको म्हणत होता, तरी दिले. आचाऱ्यांना नवी खाट घेऊन दिली. मुलीची फी दोन महिने उशिरा गेली, आणि का गेली ते मी तिला फोनवर सारे खरे सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाबा, त्या रात्री तरी तुम्ही सांगितलंत."

मुलगा आता करामाला राहतो. सायकल विकून टाकली, बसने जातो. पहिले सहा महिने त्याने मला टाळले. मग एके दिवशी दुकानात आला, बहिणीच्या लग्नाची साडी घ्यायची होती. मी मालकांना सांगून भाव कमी करवला. जाताना त्याने माझ्या टेबलावरचा मोबाईल उचलला, उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, "काका, हा कधी पडला होता का?"

मी म्हटले, "हो. परवाच. जिन्यात. हा बघ, इथे."

"मग दाखवून घ्या," तो म्हणाला, आणि त्याच संध्याकाळी मी दाखवून घेतला.